पडद्यावरचा काळा रंग

दूरचित्रवाणी संच बंद असताना त्याच्या पडद्याकडे कधी नीट पाहिले आहे का? दुपारी, खिडकी उघडी ठेवून पाहा. पडदा काळा नसतो, करडा दिसतो. खोलीतला प्रकाश त्यावर पडून आपल्या डोळ्यांत परत येत असतो. संच सुरू झाला की पडदा त्या प्रकाशात भरच घालतो, त्यातून वजा काहीच करू शकत नाही. तेव्हा त्या खोलीत, त्या वेळी, याहून अधिक काळे काही पडद्यावर दिसणे शक्य नाही. म्हणून चित्र जुळवण्याची सुरुवात रिमोटने नव्हे, तर खिडकी लावून करायची. दीपनगरच्या वैशाखातल्या उन्हात तर यावाचून गत्यंतरच नाही!

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. आता पुष्कळ शाळांत वर्गात मोठा पडदा असतो. शिक्षक अष्टमीच्या चंद्राचे छायाचित्र दाखवतात. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरची विवरे त्यात स्पष्ट असतात. पण पडदा बिनसलेला असेल तर तिथे नुसता काळा डाग दिसतो. चित्रात असलेली माहिती विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाही.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या कृष्णधवल संचांवर ‘ब्राइटनेस’ आणि ‘कॉन्ट्रास्ट’ अशी दोन बटणे असत. आजच्या संचातही ती आहेत, फक्त रिमोटच्या यादीत दडलेली. (जाता जाता एक गोष्ट. त्या प्रक्षेपणात सेकंदाला ५० अर्धचित्रे, म्हणजे २५ पूर्ण चित्रे येत. हा ५० चा आकडा विजेच्या ५० आवर्तनांशी जुळवलेला होता. आमच्या औष्णिक वीजकेंद्रातले जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते, त्याला ६० ने भागून पाहा. हे आकडे जुळले नसते तर विजेच्या गुणगुणीमुळे उमटणारा काळपट पट्टा पडद्यावर सारखा सरकत राहिला असता.)

या दोन बटणांच्या नावांनी बहुतेकांची फसगत होते. तुम्ही बीजगणितात सरळ रेषेचे समीकरण शिकला आहात. तेच इथे लावा:

पडद्यावरची पातळी = (चढ × संकेत) + स्थिरांक

कॉन्ट्रास्ट म्हणजे चढ आणि ब्राइटनेस म्हणजे स्थिरांक. ब्राइटनेस वाढवला की चित्रातली प्रत्येक जागा सारखीच वर उचलली जाते, काळी जागासुद्धा, आणि चित्र धुक्यात बुडाल्यासारखे दिसते. कमी केला तर गडद छटा शून्याखाली जाऊन एकजीव काळ्या होतात. थोडक्यात, ब्राइटनेसने काळा रंग ठरतो आणि कॉन्ट्रास्टने पांढरा. काही कंपन्या मात्र पडद्यामागच्या दिव्यालाच, म्हणजे बॅकलाइटला, ‘ब्राइटनेस’ म्हणतात. अशा संचात ‘ब्लॅक लेव्हल’ हे नाव शोधा.

पूर्वी कार्यक्रम सुरू होण्याआधी दूरदर्शनवर पट्ट्यांचे स्थिर चित्र दिसे. तसे चित्र आपणच तयार करू. संगणकावरच्या पेंटमध्ये रंगाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे देता येतात, ० ते २५५. संपूर्ण काळ्या (०, ०, ०) पार्श्वभूमीवर ५, १०, १५, २० अशा चार पट्ट्या काढा. प्रत्येक पट्टीचे तिन्ही आकडे सारखे हवेत. दुसऱ्या चित्रात पांढऱ्या (२५५) पार्श्वभूमीवर २५०, २४५, २४०, २३५ च्या पट्ट्या काढा. चित्रे पेन ड्राइव्हवर घेऊन संचाला जोडा.

प्रथम ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ ही रचना सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ निवडा. ती भडक रचना दुकानातल्या झगझगाटात चित्र उठून दिसावे म्हणून केलेली असते. घरात ती डोळ्यांना टोचते आणि वीजही जास्त खाते. आता पहिल्या चित्रात ब्राइटनेस इतका ठेवा की १० ची पट्टी जेमतेम दिसेल, पण पार्श्वभूमी करडी होणार नाही. मग दुसऱ्या चित्रात कॉन्ट्रास्ट कमी करत जा, २४५ ची पट्टी पांढऱ्यापासून वेगळी होईपर्यंत. एक बदलला की दुसरा थोडा हलतो, म्हणून हे दोनतीनदा करावे लागते.

शार्पनेसचे काम सोपे आहे. करड्या पार्श्वभूमीवर एक काळी रेघ काढा. शार्पनेस वाढवला की रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरी किनार उमटते. ती मूळ चित्रात नाही, संचाने पदरची घातलेली आहे! किनार नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणा.

राहिला रंग. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, तरी जुने कृष्णधवल संच निकामी झाले नाहीत. कारण उजेड-अंधाराचा संकेत वेगळा आणि रंगाचा संकेत वेगळा पाठवला जाई. ‘कलर’ हे बटण फक्त रंगाचा भाग कमीजास्त करते. पांढऱ्या पट्टीत रंगाचा भाग शून्य, म्हणून तिच्यावर या बटणाचा परिणाम होत नाही. हीच आपली मोजपट्टी. पांढरी (२५५, २५५, २५५) आणि निळी (०, ०, २५५) पट्टी शेजारी शेजारी काढा आणि निळ्या जिलेटिन कागदातून पाहा. दोन्हींत निळा सारखाच आहे, तेव्हा दोन्ही सारख्याच उजळ दिसल्या पाहिजेत. निळी जास्त उजळ दिसली तर कलर कमी करा, मंद दिसली तर वाढवा.

कागद पुरेसा गडद आहे की नाही हे आधी तपासून घ्या. त्यातून लाल पट्टी जवळजवळ काळी दिसली पाहिजे. नसेल तर आणखी एक घडी घाला. पिवळी पट्टीही त्यातून काळीच दिसेल. ती का, हे मात्र तिच्या रंगाचे तीन आकडे पाहून तुम्हीच सांगा.