पाटीचा दगड आणि शिल्पकाराची निवड

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. परंतु कोणता दगड कोणत्या दिशेचा घाव सोसतो, हा प्रश्न शिल्पकाराला टाकी उचलण्यापूर्वीच सोडवावा लागतो. वेरूळ-घारापुरीची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली, तो बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हारस. संगमरवर म्हणजे रूपांतर पावलेला चुनखडक. या दोहोंहून वेगळ्या कुळातला दगड म्हणजे स्लेट, अर्थात पाटीचा दगड. ज्यावर आपल्या आधीच्या पिढ्यांनी श्रीगणेशा गिरवला, त्याच दगडाचा शिल्पमाध्यम म्हणून येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

घडण : बारीक चिखलाचे थर साचून शेल हा खडक बनतो. भूगर्भातील दाब व उष्णता यांमुळे त्यातील अभ्रक आणि क्लोराइट यांचे सूक्ष्म, चपटे कण एकमेकांना समांतर होतात आणि स्लेट तयार होते. ती पातळ फरश्यांत उकलते ती या रचनेमुळेच. या गुणाला भूशास्त्रात पाटन म्हणतात. पाटनाची दिशा मूळ चिखलाच्या थरांशी जुळतेच असे नाही, हे ध्यानात ठेवावे. शिल्पकाराने पाहावयाची ती पाटनाची दिशा.

टिकाऊपणा : चांगल्या स्लेटमध्ये पाणी फारच थोडे मुरते आणि चुन्याचा अंश नगण्य असतो. संगमरवर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आम्लयुक्त पावसात हळूहळू झिजतो. स्लेटवर त्या पावसाचा परिणाम अल्प होतो. याचा पुरावा अमेरिकेतील बॉस्टन येथे उघड्यावर उभा आहे. तेथील ग्रॅनरी दफनभूमी १६६० सालची. सतराव्या-अठराव्या शतकांतील स्लेटच्या स्मृतिशिलांवर कोरलेल्या पंखधारी कवट्या आणि अक्षरे आजही स्पष्ट दिसतात. याउलट, त्या प्रदेशातील एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक संगमरवरी शिलांवरचा मजकूर पुसट झाला आहे. नंतर घडविलेले आधी झिजले, ते माध्यमामुळे.

स्लेट केवळ अक्षरांसाठीच आहे असे मात्र नाही. इंग्लंडमधील शिल्पकार बार्बरा हेपवर्थ (१९०३–१९७५) यांनी कॉर्नवॉलमधील डेलाबोल खाणीची स्लेट वापरून अमूर्त शिल्पे घडविली. त्यांचे आकार साधे, सलग आणि उभे आहेत. दगडाचा स्वभाव ओळखून आकार योजल्याचे ते उत्तम उदाहरण होय.

मर्यादा : पाटन हेच स्लेटचे बळ आणि तेच तिचे वैगुण्य. पाटनाच्या सपाट पृष्ठावर उठाव किंवा उत्कीर्ण रेषा सुरेख उतरते. परंतु पुढे पसरलेला हात वा नाजूक बोटे पाटनाला आडवी काढावयास गेल्यास तुकडा निखळण्याचा संभव असतो. टोकदार टाकीचा सरळ घाव बसल्यास पांढरट डाग आत उतरतो आणि घासूनही सहज जात नाही. म्हणून तिरकी, धारदार छिन्नी आणि हलका हातोडा बरा. शेवटी पाण्याने घासून पृष्ठ गडद केले की कोरलेली रेषा फिकट राखी दिसते. रंगाविना मिळणारा हा विरोध या दगडाची खास देणगी आहे.

पारख : दगड विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. प्रथम, तुकडा टांगून हलकेच ठोकावा. खणखणीत आवाज आला तर अंग एकसंध आहे, बद्द आवाज आला तर आत भेग असण्याची शंका घ्यावी. दुसरे, तुकडा रात्रभर अर्धा पाण्यात उभा ठेवावा. ओल पाण्याच्या पातळीवर फार चढली तर तो उघड्यावरील कामास घेऊ नये. तिसरे, दगडाच्या भुकटीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकावा; फेस आल्यास त्यात चुना आहे. याशिवाय पिवळे चकाकणारे कण दिसल्यास ते पायराइटचे असू शकतात, आणि असे कण पुढे गंजून तांबूस ओघळ उमटवू शकतात.

एक इशारा : स्लेटच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग जडतो. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कित्येक कामगारांना तो ऐन उमेदीत जडला, हा इतिहास प्रत्येक कलाविद्यार्थ्याने माहीत करून घ्यावा. कापणे-घासणे ओले ठेवूनच करावे, धूळ अडविणारा योग्य मुखवटा वापरावा आणि कार्यशाळा कोरडी झाडू नये. तोंडाला बांधलेला रुमाल येथे पुरेसा नाही.

तात्पर्य, त्रिमित आणि हातपाय मोकळे असलेली मूर्ती घडवावयाची असेल तर दुसरा दगड पाहावा. उठाव, अक्षर, स्मृतिशिला वा साधा उभा आकार यांसाठी मात्र स्लेटसारखे विश्वासू माध्यम विरळा. शिल्प शतकानुशतके टिकावे ही इच्छा रास्त आहे. ते घडविणाऱ्याचे फुप्फुसही टिकावे, याची काळजी आपण कार्यशाळेत पहिल्या दिवसापासून घेतली पाहिजे.