मिरची, मेणसिनकायी आणि एक कुंडी

सावता माळींच्या अरणच्या मळ्यात, १३व्या शतकात, मिरची नव्हती. ती १६व्या शतकात पोर्तुगीजांमुळे अमेरिकेतून आली. तोवर तिखटाला मिरं होतं. म्हणून नावही मिऱ्यावरूनच पडलं. मराठीत मिरची, आमच्या अफजलपुरात कन्नडमध्ये मेणसिनकायी, म्हणजे मिऱ्याचं फळ. दोन्ही भाषांनी परक्या फळाला ओळखीच्याच नावानं घरात घेतलं.

तिला जागाही थोडीच लागते. तळाला भोकं पाडलेला जुना डबा किंवा १०-१२ इंची कुंडी, माती, शेणखत. रोप महिन्याभराचं झालं की त्यात लावायचं. इथला उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि तापानं फुलं गळतात. म्हणून सकाळी पाणी, दुपारी सावली. अंगण नसेल तर सकाळच्या उन्हाची खिडकी चालते. भाषेनं जागा दिलीच आहे, आपणही देऊ.