घोडा म्हणजे बैल नव्हे

कवठे महांकाळच्या पट्ट्यात माणसाचा हात बैलावर तयार होतो. शाळकरी पोरगं खिलाराची वेसण धरून त्याला पाण्यावर नेतं आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. घोड्याशी गाठ पडते ती अधूनमधून. धनगरांच्या वाड्याबरोबरचं तट्टू, लग्नसराईतली वरातीची घोडी आणि ज्येष्ठात मिरज-सांगलीवरून आळंदीकडे चालत निघालेले अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, एवढाच आपला घोडा. जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून नोकरी केली, त्यात एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसली. घोड्याची लाथ खाणारा माणूस सहसा जनावरांत नवखा नसतो. बैल हाताळण्यात तो तरबेज असतो आणि घोड्यालाही बैलच समजतो. हे बोल अशा तरबेज माणसांसाठी आहेत.

१. घोडा मारका नसतो, भित्रा असतो.

संकट दिसलं की बैल त्याच्याकडे तोंड करून शिंगं रोखतो. घोडा आधी पळतो, आणि पळायला वाट नसेल तेव्हाच लाथ झाडतो. म्हणून मोकळ्या माळावरच्या घोड्यापेक्षा भिंत आणि गाडी यांच्या बेचक्यात अडकलेला घोडा जास्त धोक्याचा.

तो कशाला भितो हे आपल्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे द्राक्षबागेत पाखरं उडवायला चमकत्या फिती बांधतात, बेदाण्याच्या शेडला हिरवी जाळी असते, बागेवरचं प्लास्टिक वाऱ्यावर फडफडतं. शेडवरून रोज जाणारं घोडं एखाद्या दिवशी तिथेच बुजतं, कारण काल जाळी ताणलेली होती आणि आज तिचं टोक सुटलंय. मालकाला वाटतं, नखरे करतंय. तो चाबूक काढतो. मग घोड्याला खात्रीच पटते, की ती जाळी वाईट, तिच्याजवळ गेलं की मार बसतो. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेच्या दिवसांत एका धनगरणीने अशाच एकाला थांबवलेलं मी पाहिलं. "मारू नगा, त्येला बघू द्या जरा," म्हणाली. दोर ढिला सोडून ती नुसती उभी राहिली. घोड्याने मान लांबवली, फुरफुरला, वास घेतला आणि चालू लागला. बुजलेल्या घोड्याला वेळ देणं हाच उपाय. घाई असेल तर घोडं न्यायचं नाही.

२. जायचं ते खांद्याकडून, आणि बोलत.

बैलाच्या शिंगांना टाळायचं म्हणून आपण मागून जातो, पुठ्ठ्यावर थाप मारतो. घोड्याशी हे करणं म्हणजे लाथेला बोलावणं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ ३५० अंशांतलं त्याला दिसतं. दिसत नाही ती शेपटीच्या सरळ मागची पट्टी, आणि अगदी कपाळासमोरचा व नाकाखालचा भाग. म्हणजे मागून गेलात तर तुम्ही त्याच्या लेखी अचानक उगवता, आणि तोंडासमोर एकदम हात नेलात तरी तेच. डाव्या खांद्याच्या रोखाने तिरपं चालत जा, तोंडाने काहीतरी बोलत राहा, पहिला हात मानेला किंवा खांद्याला लावा. डावी बाजू यासाठी, की त्याच बाजूने धरायची, बसायची पद्धत जुनी आहे आणि बहुतेक घोडी तिला सरावलेली असतात. स्वाराची तलवार डाव्या कमरेला असायची, तेव्हापासूनची ही रीत.

मागून जायलाच लागलं तर दोनच जागा बऱ्या. एक तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून जा, म्हणजे लाथेला जोर घ्यायला जागा उरत नाही. नाहीतर दहा-बारा फूट लांबून. दोन-तीन हातांवरून जपून जाणारा माणूस नेमका लाथेच्या पुऱ्या टप्प्यात असतो.

३. कान वाचायला शिका.

कान पुढे उभे असले तर घोडा समोरचं काहीतरी निरखतोय. एक कान तुमच्याकडे वळलेला असेल तर तो तुमचं ऐकतोय. दोन्ही कान मागे पडून मानेला चिकटले तर जिथे आहात तिथून बाजूला व्हा. त्याच्या जोडीला शेपटीचे फटके, डोळ्यांतला पांढरा भाग, आवळलेलं तोंड. मागचा एक पाय मुडपून खुराच्या टोकावर ठेवलेला दिसला की लोक दचकतात. पण कान सैल आणि ओठ लोंबता असेल तर तो फक्त विसावलेला असतो.

४. उभा आहे म्हणजे जागा आहे असं नाही.

बैल बसून रवंथ करत डुलक्या घेतो. घोड्याच्या पायांची ठेवण अशी आहे की तो उभ्याउभ्याच पेंगतो. गाढ झोपेसाठी मात्र त्यालाही थोडा वेळ आडवं व्हावं लागतं. दुपारच्या वेळी झाडाखाली उभ्या घोड्याला लांबूनच हाक द्या, त्याने कान हलवला की मग पुढे व्हा.

५. दोर हाताला गुंडाळायचा नाही.

कासरा मनगटाला वेढून बैल आवरणारे गडी आपल्याकडे आहेत. घोडं बुजून उधळलं की तोच वेढा बोटं तोडतो, माणसाला फरफटत नेतो. दोराची घडी करून मुठीत धरा. बांधताना छातीच्या उंचीवर, हातभर दोर ठेवून, एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधा. दुकानाच्या शटरला, मोटारसायकलला, गाड्याच्या चाकाला बांधू नका. घोडं ते घेऊन पळतं आणि मागचा खडखडाट ऐकून आणखी पळतं. लगामाने तर कधीच बांधू नये. झटका बसला की लोखंडाने तोंड फाटतं.

आणि सुटलंच, तर पाठलाग करू नका. पाठीमागे चार माणसं धावली की त्याच्या भित्रेपणाला कारणच मिळतं. तोबऱ्यात मूठभर चंदी टाकून हलवत उभं राहावं. पोट त्याला परत आणतं.

६. खुराचं काम उभ्यानेच होतं.

बैलाला दोर टाकून पाडतात आणि पाय बांधून पत्र्या ठोकतात. घोड्याला नाल उभ्याने मारतात, म्हणजे त्याने आपला पाय स्वतःहून तुमच्या हातात द्यायला हवा. शिंगरू असल्यापासून रोज पाय उचलायची सवय नसेल तर नालबंद तरी काय करणार! त्याच्या शेपटीकडे तोंड करून, अंगाला अंग लावून उभं राहा, खांद्यावरून हात खाली सरकवत न्या, मग पाय मागा. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर छाटायला हवेत. आपल्या खडकाळ माळांवर खुरात खडा अडकणं रोजचंच, म्हणून रोज बघायचं. खिळा घुसला तर धनुर्वाताचं इंजेक्शन टाळू नका. हा रोग घोड्याला फार लवकर धरतो. लाथ किंवा चावा बसलेल्या माणसानेही ते घ्यावं. चाव्याचं सांगायचं कारण, बैलाला वरचे पुढचे दात नसतात, घोड्याला दोन्हीकडे असतात. खाऊ द्यायचा तर तळहात सपाट ठेवून.

७. बैलाचा खुराक आणि बैलाचं औषध, दोन्ही लांब ठेवा.

दवाखान्यात सगळ्यांत जास्त जीव टांगणीला लागतो तो घोड्याच्या पोटशूळाने. बैलाला चार कप्प्यांचं पोट आणि रवंथ. घोड्याला शरीराच्या मानाने लहान जठर आणि उलटी करण्याची सोयच नाही. चुकीचं खाल्लेलं बाहेर पडायला वर वाट नसते. त्याला दिवसभर थोडंथोडं लागतं, वैरण जास्त आणि चंदी कमी. लग्नाच्या हंगामात सकाळपासून उपाशी ठेवलेल्या घोडीपुढे रात्री घमेलंभर हरभरा ओतला की पहाटे फोन येतो. बुरशी धरलेला कडबा बैलापुढेही टाकू नये, घोड्यापुढे तर नाहीच. गोळीपेंडीचंही तसंच. जनावरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईगुरांना ते चालतं, घोड्याला थोडंसंही जीवघेणं ठरतं.

घोडा सारखा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, आडवा पडून लोळतो, लेंडी टाकत नाही, ही पोटशूळाची लक्षणं. अशा वेळी आपला शेतकरी सवयीने तेलाचा नळा काढतो, कारण फुगलेल्या गाईला तो तेच पाजत आलाय. घोड्याचं तोंड वर करून जबरदस्तीने पाजलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. खाणं पुढून काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. लोळणाऱ्या घोड्याच्या पायांजवळ बसून पोट चोळणारे मालक मी पाहिलेत. माया कळते, पण तिथे बसू नये.

८. वरातीत घोडीवरचा नवरदेव हा सर्वांत नवखा स्वार असतो.

जन्मात पहिल्यांदा बसलाय, शेरवानी घट्ट, फेट्याचा शेमला मागे फडफडतोय, पुढ्यात भाचा. समोर डीजेच्या भिंती. घोडीचे कान आपल्यापेक्षा तिखट आणि पळायला चारी बाजूंनी माणसं, म्हणजे पहिल्या मुद्द्यात सांगितलेलं बेचकं आपण हौसेने तयार करतो. एवढं होऊनही बहुतेक घोड्या निमूट चालतात, हे त्यांचं मोठेपण.

रिकिबीत फक्त चवडा घाला. पाय टाचेपर्यंत आत गेला आणि घोडी उधळली तर पडलेला माणूस लोंबकळत फरफटतो. फटाक्यांची माळ घोडीच्या पुढे नको, मागे तर अजिबात नको. घोडीवाल्याने तिचं तोंड सोडून फेट्यांचे पैसे गोळा करायला जाऊ नये. आणि बाजेवर नाचवायला घोडीला जे शिकवतात, ते कसं शिकवतात हे पाहिल्यापासून मला तो नाच बघवत नाही.

९. अश्वाच्या पाया पडा, पण लांबून.

सुरुवातीला सांगितलेले माउलींचे अश्व जिथून जातात तिथे टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. हे अश्व गर्दीला सरावलेले असतात, तरी मागून पायांना हात घालणाऱ्याला ते भक्त म्हणून ओळखत नाहीत. माती घोडा पुढे गेल्यावरही तिथेच असते.

१०. रस्त्यावरचं तट्टू हे कुणाचं तरी घर आहे.

दिवाळीनंतर आपल्या भागातले मेंढपाळ पश्चिमेकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तळाचं सामान, भांडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी तान्हं पोर, सगळं घोडीच्या पाठीवर. बांधाबांध बायाच करतात, दोन्ही बाजूंना वजन बरोबर तोलून. ही बुटकी, काटक तट्टं पुष्कळदा भीमथडी वळणाची असतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मराठ्यांच्या पागेत नाव कमावलेला हा घोडा आज मुख्यतः धनगरांनी सांभाळलाय, आणि त्याला एक मोठा धोका हमरस्त्यावरच्या वाहनांचा आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग रुंद झाल्यापासून गाड्या सुसाट येतात. तेव्हा नागजच्या फाट्यावर किंवा शिरढोणजवळ वाडा चाललेला दिसला तर वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका, रात्री हेडलाइट खाली घ्या, आणि शेवटचं घोडं ओलांडून थोडं पुढे गेल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबू नका.