परदेशातील वैद्यकीय शिक्षण : लाभ किती, धोका किती?



केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा, असा उपदेश तथागत बुद्धांनी कालामांना केला. बारावीनंतर रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान येथील महाविद्यालयांची माहितीपत्रके घेऊन एजंट पालकांना गाठतात, तेव्हा हा उपदेश आठवावा.

लाभाची बाजू

२०२४ साली 'नीट' परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आत होत्या. त्यामुळे हुशार मुलेही मागे राहतात. व्यवस्थापन कोट्यातील शुल्क सामान्य कुटुंबाला झेपत नाही. त्या तुलनेत परदेशातील अनेक महाविद्यालयांचा खर्च कमी असतो. तेथे मन लावून शिकलेले, येथील परीक्षा उत्तीर्ण झालेले डॉक्टर आज आपल्याकडे चांगली सेवा देत आहेत, हेही खरे आहे.

धोक्याची बाजू

१) परदेशात जाण्यासाठीही नीटमध्ये पात्र ठरावेच लागते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते. त्या देशात व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यास ती पदवी पात्र हवी. यातील एक अट चुकली तरी येथे नोंदणी होत नाही.

२) परतल्यावर परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा द्यावी लागते. ती वर्षातून दोनदा होते. ३०० पैकी १५० गुण हवेत. अलीकडील बहुतेक सत्रांत शंभरात तीससुद्धा उत्तीर्ण झालेले नाहीत. त्यानंतर भारतात पुन्हा एक वर्षाची इंटर्नशिप असते.

३) फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले.

कर्जाचे गणित

शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. समजा, दरवर्षी ४ लाख याप्रमाणे पाच वर्षांत २० लाख उचलले. अभ्यासक्रम सहा वर्षांचा, व्याज १० टक्के. सरळव्याजानेही हप्ता सुरू होईपर्यंत व्याजाचेच १० लाख होतात. म्हणजे ३० लाखांची परतफेड. पंधरा वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता ३२ हजारांवर जातो. त्या वेळी मुलगा परीक्षेत अडकलेला किंवा इंटर्नशिप करीत असू शकतो. मोठ्या कर्जाला तारण लागते. अनेकदा तारणात राहते घर असते, हे विसरू नये.

परदेशी शिष्यवृत्तीवर विसंबून राहू नये. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती या पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी आहेत, एम.बी.बी.एस.साठी नाहीत.

आधी घरची वाट पाहा

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून खासगी महाविद्यालयात जागा मिळाली, तर अटी पूर्ण करणाऱ्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अथवा फ्रीशिपमधून शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत मिळते. व्यवस्थापन कोट्याला ती नाही. अनेक पालकांना हे ठाऊकच नसते. यासाठी जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर हवे. त्याचा अर्ज अकरावीतच करावा. एक वर्ष पुन्हा नीट देण्यात गेले, तरी ते ३० लाखांच्या कर्जापेक्षा स्वस्तच.

बाबासाहेबांचा आदर्श

परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे सोडून त्यांना परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठवला, राजर्षी शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले. ध्येय त्यांनी सोडले नाही, पण पैशाची तजवीज करूनच ते पुन्हा निघाले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, परदेशाला भिऊ नका आणि भुलूही नका. येथील प्रत्येक फेरी संपू द्या. मग संस्थेची मान्यता, कर्जाचा हप्ता आणि स्वतःची अभ्यासाची तयारी कागदावर मांडा. हिशेब जुळला तर खुशाल जा, आणि डॉक्टर होऊन समाजाकडे परत या.

जयभीम!