खेळाचा तास हाही अभ्यासाचाच तास



आपल्या गावात घरोघर एक वाक्य ऐकू येते. "नुसतं खेळून पोट भरणार हाय का? पुस्तक घे की हातात!" मोठी माणसे आपल्या भल्यासाठीच बोलतात. नुसते खेळून पाढे पाठ होत नाहीत, हेही खरे. पण खेळ एकीकडे आणि अभ्यास दुसरीकडे, असे खरोखर असते का? या लेखात आपण तेच पाहू.

१) पळताना शरीरात काय होते?

आपण जोरात पळालो की छाती धडधड करते. कारण पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. तो रक्तातून मिळतो. म्हणून हृदय भरभर रक्त पाठवते आणि आपण भरभर श्वास घेतो. रोज खेळले की हृदय व फुप्फुसे बळकट होतात.

याचा मेंदूशी काय संबंध? मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन त्याच्या शरीराच्या सुमारे २ टक्के असते. म्हणजे १०० भागांतले फक्त २ भाग. पण शरीरात येणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० भाग एकटा मेंदूच वापरतो. एवढासा मेंदू, पण खादाड किती! म्हणून त्याला चांगले रक्त पोचले पाहिजे. शास्त्रज्ञांनी मुलांबरोबर प्रयोग केले, तेव्हा त्यांना दिसले की थोडा वेळ जोरात हालचाल केल्यावर मुलांचे लक्ष जास्त चांगले लागते. खेळून दमलेल्या मुलाला रात्री झोपही गाढ लागते. आणि दिवसा शिकलेले डोक्यात पक्के बसायला झोप लागतेच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल करावी. पळणे, उड्या मारणे, सायकल चालवणे, सगळे त्यात आले. मोबाईलमधला खेळ मात्र त्यात येत नाही. त्यात फक्त अंगठा पळतो!

हे करून पाहा : मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. नाडी लागेल. ३० सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि त्याची दुप्पट करा. हे झाले एका मिनिटाचे ठोके. आता जागच्या जागी ५० उड्या मारा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहून वजाबाकी करा. बघा, विज्ञानही झाले आणि गणितही झाले.

२) मैदानातले गणित

मोठ्यांच्या खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. चारही बाजूंची बेरीज केली, तर २७ + १६ + २७ + १६ = ८६ मीटर. याला परिमिती म्हणतात. पुस्तकात हा शब्द अवघड वाटतो. पण फक्की टाकून मैदान आखायला दोरी धरली, की परिमिती पायांना कळते. मैदानाभोवती १२ फेऱ्या मारल्या, तर १०३२ मीटर होतात, म्हणजे एक किलोमीटरपेक्षा ३२ मीटर जास्त.

विटीदांडूत विटी किती लांब गेली, ते आपण दांडूने मोजतो. लहान दांडूने मोजले तर आकडा मोठा येतो आणि मोठ्या दांडूने मोजले तर लहान येतो. म्हणून दोन्ही गडी एकाच दांडूने मोजतात. नाहीतर भांडण ठरलेलेच! सगळ्यांचे माप सारखे का असावे, हे यातून समजते.

विटीदांडूत जुनी माणसे "वकट, लेंड, मूंड, नाल" असे मोजतात. काही गावांत थोडे वेगळे म्हणतात. तेलुगू भाषेत एकला ओकटि, दोनला रेंडु, तीनला मूडु आणि चारला नालुगु म्हणतात. बघा किती जुळते! आपण शेजारच्या भाषेतले आकडे खेळता खेळता शिकलो आणि आपल्याला पत्ताच नाही.

३) थांबायला शिकणे

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी रांगेत बसतात. एकाचे तोंड इकडे, तर दुसऱ्याचे तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचे नाही. खो पाठीमागूनच द्यायचा. एकदा दिशा धरली की मध्येच मागे वळायचे नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही. उठावेसे तर फार वाटते, पण कान देऊन थांबावे लागते.

अभ्यासातही तसेच असते. उदाहरण पुरते न वाचता बेरीज करायला धावले, तर उत्तर चुकते. आधी वाच, थांब, मग लिही. खो-खोत हीच सवय लागते. हरलो तर रडीचा डाव खेळायचा नाही आणि जिंकलो तर दुसऱ्याला चिडवायचे नाही, हेही मैदानच शिकवते.

४) मैदान आणि शाळा

सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. त्यांना परदेशी जायला पैसे कमी पडले, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून मदत केली. खेळणारा विद्यार्थी हाही चांगला विद्यार्थी, असे त्या गुरूंना वाटले असणार.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आपल्या मातीतला खेळ जगात पोचला!

५) पालकांना आमची विनंती

आता सर्वांत महत्त्वाचे. सुट्टी झाली की मुले मैदानात जातात. पण कितीतरी मुली कडेला उभ्या राहून बघतात. काहींच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. काहींना लगेच पाण्याला जायचे असते. काहींना घरून सांगितलेले असते, "आता मोठी झालीस, हुंदडू नको." चौथीतली मुलगी मोठी कशी झाली? तिच्या मेंदूलाही रक्त लागते आणि तिलाही रोज ६० मिनिटे हवीत. घरकाम करायला आमची ना नाही. पण ते भाऊ-बहिणींत वाटून द्या, म्हणजे दोघांनाही खेळता येईल.

दुसरी विनंती. परीक्षा जवळ आली की आधी खेळ बंद होतो. खरे तर तेव्हाच डोके जास्त दमते. अर्धा-पाऊण तास बसून झाले की थोडे पळून यावे आणि मग पुन्हा बसावे. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातही शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. सरकारला मैदान हवे वाटले, ते उगीच नाही.

मित्रांनो, तुम्हालाही सांगते. आपल्या डावात मुलींना घ्या. नीट खेळता येत नाही म्हणून कुणाला 'लिंबूटिंबू' करून बाजूला बसवू नका. खेळल्याशिवाय खेळता येत नाही आणि वाचल्याशिवाय वाचता येत नाही. दोन्हीचा नियम एकच आहे.

कोडे : खो-खोच्या मैदानाभोवती एका मुलीने ४ फेऱ्या मारल्या. ती किती मीटर पळाली? उत्तर काढा आणि मग खरोखर पळून बघा!

सुविचार : पाटी-पुस्तक डोक्याला, मैदान साऱ्या अंगाला.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी