संगणकाची चाळणी : तोडणीच्या यादीत नाव कसे लागते?



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी कार्यालयात एकच प्रश्न, "साहेब, आमच्या उसाला तोड कधी?" ही यादी आता संगणकावर निघते. ती कशी निघते हे सभासदाने समजून घेतलेले बरे. कारण तुरा आलेला ऊस शेतात उभा राहिला तर वजन घटते, आणि नुकसान आपलेच होते.

कारखान्यात साखर ग्रेडरवर चाळून एल, एम, एस अशी वेगळी होते. तेथे जाळ्या ठरलेल्या असतात. ऊसनोंदीची यादीही चाळायचीच असते, पण कोणती जाळी लावायची ते आयत्या वेळी ठरते. आज जात, उद्या लागण तारीख, परवा गट. तीन अटी लावण्या-काढण्याचे ८ प्रकार होतात, पाच अटींचे ३२. इतके प्रोग्रॅम कोण लिहीत बसणार? म्हणून प्रोग्रॅम एकच लिहितात आणि अटींची पिशवी त्याला वेगळी देतात. तो एकेक प्लॉट घेतो व पिशवीतली प्रत्येक अट लावून पाहतो. सगळ्या अटींत बसला तर आत, एकीत नापास झाला तरी बाहेर.

उदाहरणादाखल चार प्लॉट घेऊ. सर्व लागण गेल्या वर्षीची.

प्लॉट १ : को ८६०३२, लागण १० जुलै
प्लॉट २ : फुले २६५, लागण ५ ऑगस्ट
प्लॉट ३ : को ८६०३२, लागण २० ऑक्टोबर
प्लॉट ४ : को ८६०३२, लागण तारीख कोरी

अटी दोन : जात को ८६०३२ आणि लागण १ ऑगस्टपूर्वीची. यादीत फक्त प्लॉट १ येतो. तारखेची अट काढली की १, ३ व ४ येतात. प्रोग्रॅम तोच, पिशवी बदलली.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१) पिशवी रिकामी असेल तर सगळेच प्लॉट पास होतात. अडवायला अटच नाही.

२) "सगळ्या अटी" ऐवजी "कोणतीही एक अट" असे सांगितले आणि पिशवी रिकामी राहिली, तर एकही प्लॉट येत नाही.

३) सर्वांत महत्त्वाचे, कोरी तारीख. अशा याद्यांसाठी एसक्यूएल ही भाषा सर्रास वापरतात. आयबीएमच्या चेंबरलिन व बॉइस यांनी ती १९७४ साली मांडली. तिच्यात कोऱ्या रकान्याची तुलना "हो"ही नाही आणि "नाही"ही नाही, "माहीत नाही" अशी ठरते. म्हणून प्लॉट ४ "१ ऑगस्टपूर्वी" या यादीत येत नाही, आणि "१ ऑगस्ट वा नंतर" या यादीतही येत नाही. ऊस शेतात उभा, पण दोन्ही कागदांवर नाही! यावर उपाय सोपा आहे. कोऱ्या तारखांची तिसरी यादी दर वेळी काढायची.

तेव्हा यादीत नाव दिसले नाही तर नुसते भांडून उपयोग नाही. "अटी कोणत्या लावल्या होत्या?" असे विचारा. आणि हंगामापूर्वीच आपल्या नोंदीचा उतारा घेऊन जात, तारीख, गट व क्षेत्र हे रकाने भरलेत की नाही ते स्वतः पाहून घ्या.