एक पडदा, दोन वाटा

दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेला चित्रपडदा तुम्ही पाहिला असेलच. वर बियाण्याच्या किंवा साड्यांच्या जाहिरातीची तीच ती चित्रफीत फिरत असते. खाली घड्याळ, तापमान किंवा बाजारभाव यांची पट्टी सरकत असते. पाहणाऱ्याला हे सारे एकच चित्र वाटते. पण त्याचे दोन भाग दोन निराळ्या वाटांनी आलेले असू शकतात. असे का करावे लागते?

प्रथम चित्राचे ओझे पाहू. नेहमीच्या मोठ्या पडद्यावर 1920 उभे स्तंभ आणि 1080 आडव्या ओळी, म्हणजे 20,73,600 चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी मिळून 3 बाइट लागतात. सेकंदाला 25 चित्रे दाखवायची तर 15,55,20,000 बाइट झाले! सुदैवाने लागोपाठच्या चित्रांत फारसा फरक नसतो. म्हणून संगणक मुख्यतः बदललेला भाग तेवढा नोंदवतो. यालाच संक्षेपण म्हणतात. त्यामुळे सेकंदाला सुमारे 5 लाख बाइटांत काम भागते.

आता जालन्यातील एखाद्या कृषी सेवा केंद्राचे उदाहरण घेऊ. तेथे 1 मिनिटाची चित्रफीत रोज 12 तास फिरते असे समजा. एका फेरीला 3 कोटी बाइट लागतात. दिवसात 720 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी इंटरनेटवरून नव्याने मागवली, तर 2,160 कोटी बाइट लागतील. तीच चित्रफीत पडद्यामागच्या छोट्या संगणकात एकदाच उतरवून ठेवली, तर 3 कोटी पुरतात.

मोसंबीचा किंवा कापसाचा भाव मात्र साठवून चालत नाही. तो ताजाच हवा. पण त्याचे ओझे ते किती? 200 बाइटांत देवनागरीची साठ-पासष्ट चिन्हे मावतात. असा संदेश दर मिनिटाला आला, तरी 12 तासांत 1,44,000 बाइटच होतात. चित्रफितीच्या तिसरा हिस्सा सेकंदालाही याहून जास्त लागतात. तेव्हा नियम सोपा आहे: जे बदलत नाही ते साठवावे, जे बदलते तेवढेच पाठवावे.

धावत्या गाडीतही हीच अडचण येते. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना ते मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. 2025 मध्ये तिचा मार्ग नांदेडपर्यंत वाढला. या गाड्यांच्या डब्यांत माहिती व करमणुकीचे पडदे असतात. गाडीचे ठिकाण जीपीएसने कळते. त्याचा ग्राहक सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या लहरी टिपतो; त्याला इंटरनेट लागत नाही. परंतु कसारा घाटाच्या बोगद्यांत त्या लहरी पोचत नाहीत. साठवलेली चित्रफीत तेथेही बिनदिक्कत चालू शकते. ताज्या माहितीची वाट मात्र तेवढ्यापुरती बंद होते.

येथेच खरा धोका आहे. दुकानातील जोडणी तुटली, तरी चित्रफीत फिरतच राहते. त्यामुळे पडदा ठणठणीत दिसतो. पण खालचा भाव सकाळचाच असतो. गावाहून माल घेऊन आलेला शेतकरी तो पाहून विकायचे की थांबायचे, हे ठरवील. काळा पडलेला पडदा कोणाला फसवत नाही. शिळी माहिती ताजी म्हणून दाखवणारा फसवतो. म्हणून प्रत्येक भावाशेजारी तो केव्हाचा आहे, ती वेळ हवी. ठरावीक काळात नवा संदेश आला नाही, तर ती ओळ आपोआप पुसली गेली पाहिजे. आणि पट्टीतील घड्याळ चालू आहे एवढ्यावरून भाव ताजा समजू नका; घड्याळ त्या संगणकाच्या आतलेही असू शकते.

करून पाहा: जवळच्या दुकानातील किंवा स्थानकावरील पडद्यासमोर घड्याळ घेऊन उभे राहा. चित्रफितीची एक फेरी किती सेकंदांची आहे? पट्टीतील कोणती माहिती बदलते? तिच्याजवळ वेळ लिहिली आहे का? फेरी 90 सेकंदांची असेल, तर 10 तासांत किती फेऱ्या होतील? उत्तर 400 आले का, ते ताडून पाहा. शिक्षकांनी वर्गाच्या नोंदी फळ्यावर मांडून घ्याव्यात. कोणत्या पडद्यावर विश्वास ठेवावा, हे मुलांनाच ठरवू द्यावे.